चौल, जंजिरा, दाभोळ : व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावयाची जुनी बंदरे

आमच्या एका व्यापारी मित्राचा मुलगा मध्यंतरी भूमध्य समुद्रातील सिसिली बेट पाहून आला. दुकानात बसून त्याने आम्हास फोटो दाखविले. समुद्रकाठची जुनी शहरे, बाजारपेठा, घुमट, तटबंदी. त्यातील पालेर्मो हे शहर इ.स. ८३१ मध्ये अरबांच्या ताब्यात आले आणि १०७२ मध्ये नॉर्मन लोकांनी ते घेतले. पुढे तेथील नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्यासाठी एक रेशमी झगा तयार झाला. राजा ख्रिस्ती, पण झग्याच्या काठावर सोन्याच्या तारेने कूफी लिपीत अरबी मजकूर भरलेला आणि साल हिजरी ५२८. आज तो व्हिएन्ना येथे जपून ठेवलेला आहे. कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसास अशी गोष्ट ऐकून तेथे जावेसे वाटणारच.

आम्ही त्या मुलास विचारले, "बेटा, चौल पाहिले आहेस काय?" तो म्हणाला, "चाचा, ते कुठे आले?"

दोष त्याचा नाही. दहाव्या शतकातील अरब प्रवासी इब्न हौकल याने पालेर्मोचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन लिहिले. त्याच इब्न हौकलच्या ग्रंथात हिंदच्या शहरांत 'सैमूर' हे नाव येते. सैमूर म्हणजे आपले चौल. पालेर्मोस विमानाने जावे लागते. चौल पुण्याहून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येते. तरी आपल्या पेठेतील दहा व्यापाऱ्यांत चौल पाहिलेला एक मिळणे कठीण.

जावे असे मनात येण्यास दुसरेही कारण होते. आमच्या रविवार पेठेत कित्येक दिवसांपासून एकच चर्चा आहे. घाऊक दुकान पेठेत ठेवावे की शहराबाहेर न्यावे? मालाची गाडी गल्लीत येऊ शकत नाही, हमाली वाढली, गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून परत जाते. दोघातिघांनी गोदामे हलविली. आम्ही अजून निर्णय घेतलेला नाही. बाजार कसा बसतो आणि कसा उठतो हे पुस्तकात वाचण्यापेक्षा उठलेला बाजार जाऊन पाहावा, असे ठरवून जानेवारीत आम्ही चौघे निघालो. दोन कापडवाले, एक हार्डवेअरवाले आणि एक जरीकाम करणारे कारागीर, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो.

आधी थोडी समजूत करून घेऊ. कोकणातील जुन्या बंदरास दोन वाटा लागत. एक खालची, खाडीची. दुसरी वरची, घाटाची. खाडीत गलबत सुरक्षित उभे राहिले पाहिजे, आणि देशावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट उतरून तेथवर आला पाहिजे. दोन्हींपैकी एक बंद झाली की बंदर संपले. समुद्राचा किनारा लांबच लांब आहे, पण या दोन्ही वाटा जेथे मिळतात अशा जागा मोजक्याच. घाटाचा दाखला तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नरजवळील नाणेघाटात सातवाहन काळाचे लेख खडकात कोरलेले आहेत आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. अरबस्तानाकडून येणारी जहाजे एका ऋतूत येत आणि वारा उलटला की परत जात. अरबीत ऋतूस मौसम म्हणतात, आणि त्यावरूनच इंग्रजांचा मान्सून झाला. बंदर, दलाल, जकात हे आपल्या धंद्यातील रोजचे शब्द फारसी-अरबीतून आलेले. कोकणातील नाखवा हाही फारसी नाखुदाच, म्हणजे नावेचा धनी. शाळेत उर्दू शिकताना हे शब्द आम्ही पुस्तकात वाचले होते. रेवदंड्याच्या धक्क्यावर मासळीवाल्याच्या तोंडी ऐकले तेव्हा गंमत वाटली.

आता चौल. पुण्याहून खोपोली, पेण, अलिबाग करून जावे. अलिबागेपासून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, चौल त्याच्या अलीकडेच लागते. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या ग्रंथात या किनाऱ्यावरील बाजारपेठांत 'सेमुल्ला' हे नाव आहे, आणि तेर येथून सुती कापड किनाऱ्याकडे उतरते असेही तो लिहितो. तेर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गाव. म्हणजे मराठवाड्याचे सुती कापड दोन हजार वर्षांपूर्वी दर्यापार जात होते.

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा मसऊदी चौलास आला. तेव्हा वर राष्ट्रकूट सम्राट आणि येथे त्यांचा मांडलिक झंझ हा शिलाहार राजा. मसऊदी लिहितो की या गावी सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सीराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले, आणि काही येथेच जन्मलेले, ज्यांना बयासिरा म्हणत. त्यांचे तंटे मिटविण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता. त्या पदास हुनरमन म्हणत, आणि मसऊदीच्या वेळी त्या जागेवर अबू सईद मारूफ बिन जकरिया हे गृहस्थ होते. उस्तादांना हा शब्द फार आवडला. हुनरमंद आणि हुनरमन, कानाला सख्खे भाऊ वाटतात. व्यापाऱ्यांचा निवाडा व्यापाऱ्याने करावा ही सोय राजाने राज्याच्या फायद्यासाठी केली, हे उघड आहे. ज्या बंदरात तंट्याचा निकाल लवकर लागतो तेथे माल उतरतो.

चौलच्या बाजाराचे उत्तम वर्णन सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा या पोर्तुगीजाने केले आहे. डिसेंबर ते मार्च हे चार महिने तेजीचे. देशावरून लादलेल्या बैलांचे तांडेच्या तांडे येत, गावापासून कोसभर आत मुक्काम करीत, आणि तेथेच दुकाने मांडून कापड व इतर माल विकीत. मौसम संपला की सगळे आपापल्या गावी. म्हणजे बाजार ही इमारत नव्हतीच, ती वेळ होती. आमच्या हार्डवेअरवाल्या मित्राने हे ऐकून लगेच पेठेतील भाड्याचा हिशेब काढला, तो येथे देत नाही.

१४७० च्या आसपास येथे एक रशियन उतरला, अफानासी निकितीन. बरोबर एक घोडा, विकण्यासाठी आणलेला. भारतात घोड्यास चांगला भाव येतो एवढे त्याने ऐकले होते. चौलहून पाली आठ दिवस, पुढे दहा दिवस, मग आणखी सहा दिवस, असे मजल दरमजल करीत तो जुन्नरास पोहोचला. तेथील बहामनी सरदार असदखान याने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देतो म्हणाला. धर्मात जबरदस्ती नाही, हे त्या खानास कोणी सांगावे? अखेर खोरासानचा एक मुसलमान, खोजा मुहम्मद, मध्ये पडला आणि घोडा परत मिळाला. पुढे बिदरास जाऊन तो विकला गेला, पण तोवर चाऱ्या-दाण्याचा खर्च चढत गेला. निकितीनने आपल्या टिपणात मोकळेपणाने कबूल केले आहे की लोकांच्या सांगण्यावर भरवसा ठेवून आलो आणि फसलो, आमच्या देशात खपेल असा माल येथे नाही. घोड्याने नफा खाल्ला म्हणावयाचे! बाजार न पाहता माल उचलणारे आजही आहेत, आम्हीही एकदा होतो. त्या हंगामातील साड्यांचे गठ्ठे अजून गोदामात पडून आहेत. निकितीनवर १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'परदेसी' चित्रपट काढला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे, विचारले की कोणीही दाखवितो.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगिजांचे चौल. सोळाव्या शतकात त्यांनी येथे आधी वखार व मग कोट बांधला. आजही डांबरी रस्ता त्या तटातूनच गावात शिरतो आणि तटाच्या आत नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत. सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा अर्धा ढासळलेला उभा आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज-मिश्रित बोली बोलतात. रेवदंड्यात बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनास्थळही आहे. हे लोक पूर्वी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मूळ चौलात जुन्या हमामखान्याची पडकी इमारत आहे, मशिदीचे अवशेष आहेत, रामेश्वराचे देऊळ व तळे आहे. एवढ्या धर्मांची माणसे एका गावात राहिली ती माल विकण्यासाठी.

या चौलात रेशीम विणले जात असे. कच्चे रेशीम चीनहून येई, विणकर येथले. सतराव्या शतकात मुंबईत इंग्रजांनी जम बसविला तेव्हा चौलचे काही विणकर तिकडे गेले. राजकीय इतिहासात चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे गेले असे साल मिळते. आमच्या मते चौल त्याआधीच उठावयास लागले होते, ज्या दिवशी पहिल्या विणकराने माग सोडवून होडीत ठेवला त्या दिवशी. उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कारागीर कधी शेवटी जात नाही, तो आधी जातो." उस्तादांच्या हाताखाली एके काळी अकरा मुले होती, आता दोन आहेत.

रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदमार्गे मुरुड. येथे मुक्काम करावा. राजापुरी गावातून शिडाच्या होडीने जंजिऱ्यास जावे. जंजिरा हा अरबी जझीरा, म्हणजे बेट. पाण्यातून सरळ वर आलेला तट, दारासमोर येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. मूळचे आफ्रिकेतील सिद्दी येथे राज्य करीत. ते आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे, मग मोगलांचे दर्या-सरदार. शिवाजी महाराजांनी आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी प्रयत्न केले, पण किल्ला पडला नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. चारी बाजूंना खारे पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव, हे पाहून आश्चर्य वाटते. आत पूर्वी वस्ती होती, आता भिंतींवर झाडे आहेत. कलालबांगडी तोफेभोवती गर्दी फार. खरे सांगावयाचे तर जंजिरा पाहण्यास भव्य, पण व्यापाऱ्यास शिकण्यासारखे तेथे कमी. तेथे पहारा होता, बाजार नव्हता.

पुढचा प्रवास आम्ही मुद्दाम किनाऱ्याने केला. आगरदांडा ते दिघी मोटारीसह फेरीबोट, मग श्रीवर्धन, पुढे बागमांडला ते वेश्वी पुन्हा फेरीबोट, आणि हर्णै-दापोली करून दाभोळ. दिघीस आता मोठे बंदर झाले आहे. तेथे पाणी खोल आहे.

दाभोळचे नाव १९९० नंतर वर्तमानपत्रांत वीज कंपनीच्या वादामुळे गाजले. तो प्रकल्प मुळात दाभोळात नाहीच, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात वेलदूर-अंजनवेलकडे आहे. नाव मात्र दाभोळचे वापरले गेले. जुन्या नावास बाजारात किंमत असते ती अशी.

वाशिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे हे गाव डोंगर आणि खाडी यांच्या चिंचोळ्या पट्टीत बसलेले आहे. बहामनी काळात हे दख्खनचे मोठे दार होते. अरबस्तान आणि इराणचे घोडे येथे उतरत. १४५३ च्या सुमारास गीलान प्रांतातील एक चाळिशी ओलांडलेला व्यापारी याच धक्क्यावर माल घेऊन उतरला. त्याचे नाव महमूद गावान. तो बिदरास गेला, दरबारात शिरला, त्यास मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा किताब मिळाला, आणि पुढे तो बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये बिदरचा प्रसिद्ध मदरसा त्यानेच बांधला. त्याचा शेवटही व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. शत्रूंनी त्याच्या कारकुनास वश करून कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का उमटवून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजास खोटे पत्र लिहिले आणि ते सुलतानास दाखविले. १४८१ मध्ये गावानचा शिरच्छेद झाला. सही करून कोरे धनादेश मुनीमजींकडे ठेवून गावाला जाणारे आमच्या ओळखीत आहेत. नावे सांगत नाही.

१५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगिजांचा पराभव केला, त्यात व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. बापाने सूड म्हणून डिसेंबरच्या अखेरीस दाभोळ जाळले. माणसे कापली, गाव बेचिराख केले. तरीही दाभोळ पुन्हा उभे राहिले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आगीने बाजार मेला नाही, कारण खाडी आणि घाट दोन्ही शाबूत होते. माल वाशिष्ठीतून होडीने चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जाई, तेथून कुंभार्ली घाटाने कराड आणि पुढे विजापूरकडे.

सतराव्या शतकाच्या मध्यास धक्क्याजवळ जी काळ्या दगडाची मशीद बांधली गेली ती आजही उभी आहे. मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, विजापूरची घडण. दंतकथा अशी की आदिलशाही घराण्यातील एक स्त्री हजला निघाली, पण समुद्रात धोका म्हणून जहाज सुटेना, तेव्हा बरोबरचा पैसा तिने मशिदीत घातला. लोक तिला माँसाहेबांची मशीद म्हणतात. कोणी अंडा मशीदही म्हणतात. आम्ही असरच्या सुमारास पोहोचलो. भरतीचे पाणी वर चढत होते.

मग मारले कोणी? गाळाने, आणि वाफेने. राजापूरचा दाखला स्पष्ट आहे. तेथे इंग्रजांची वखार १६४९ मध्ये झाली. १८८० च्या सरकारी गॅझेटियरमध्ये नोंद आहे की अरबी गलबते अजून राजापुराशी थेट व्यापार करतात, पण मोठी गलबते जुन्या धक्क्यापासून तीन मैल अलीकडेच थांबतात. पूर्वी त्या धक्क्यावरून भरतीचे पाणी जात असे. वर डोंगरावरची झाडी तुटली की पावसाबरोबर माती खाली येते आणि खाडी भरते. चिपळूणात जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले, ते आपण वाचले असेलच. दुसरीकडे आगबोटीस खोल पाणी लागते, ते मुंबईस होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि देशावरचा माल सरळ मुंबईस उतरू लागला. बैलाचा घाट ओस पडला. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये, म्हणजे एकशे पस्तीस वर्षांनी. तोवर दाभोळचा व्यापारी मुंबईत भेंडीबाजारात दुकान टाकून बसला होता, किंवा आखातात नोकरीस गेला होता.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. जुनी म्हण आहे तशी दर्या नारळी पौर्णिमेस उघडतो, पण आपण त्यानंतरही घाई करू नये. शनिवार-रविवार टाळावा. फेरीबोटीची शेवटची फेरी कधी हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे, नाही तर खाडी दिसते आणि ओलांडता येत नाही. चौलास अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस द्यावा. परतताना आलेल्या वाटेने येऊ नये. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, तेथून चिपळूण आणि कुंभार्ली चढून कराडमार्गे पुणे, म्हणजे बैलांच्या तांड्याची वाट आपोआप पाहून होते. घाट चढताना मोटार धापा टाकते, तेव्हा पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन चढलेल्या बैलांची आठवण येते.

धोपाव्याच्या फेरीबोटीत आमच्या शेजारी एक टेम्पो उभा होता. चादरी, लुंग्या, गाऊनचे कापड, ताडपत्रीने बांधलेले. टेम्पोवाला पंचविशीतील मुलगा, गुहागरकडच्या गावांतून माल पोहोचवितो. आमच्या अंगावरून बोलण्यावरून त्याने धंदा ओळखला. म्हणाला, "चाचा, आमचे वडील पुण्याहूनच माल भरायचे. रविवार पेठेतून." दुकानाचे नाव विचारले तर ते आमच्याच गल्लीतले निघाले. तेथे आता मोबाईलचे कव्हर विकतात. "आणि तू कोठून घेतोस?" "भिवंडीहून. फोन केला की ट्रान्सपोर्टने सरळ चिपळूणला. पुण्याला जाऊन एक दिवस कोण मोडणार?"

आम्ही त्याला लुंगीचा भाव विचारला. त्याने सांगितला. आमच्यापेक्षा डझनामागे चाळीस रुपयांनी कमी होता. उस्ताद आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही फेरीबोटीच्या तिकिटाच्या मागे त्याचा नंबर लिहून घेतला, आणि तोवर बोट धोपाव्याच्या धक्क्यास लागली.